थिसिसमधून लेख काढताना

मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत एक कपाट थिसिसांचं, म्हणजे पदव्युत्तर प्रबंधांचं, असतं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी घ्या, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ घ्या, नांदेड घ्या की लातूर. रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत शंभर-सव्वाशे पानं आणि शेवटी आडवा छापलेला मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता. विषबाधा, सर्पदंश, गरोदरपणातला रक्तक्षय, भाजलेले रुग्ण असे विषय. एकेका रेसिडेंटची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरची, दोन-अडीच वर्षं त्यात गेलेली असतात. परीक्षा झाली की ते पुस्तक सहसा कपाटाबाहेर येत नाही, आणि त्यातलं फार थोडं जर्नलपर्यंत पोचतं.

कारण विचारलं की बहुतेकांचं बोट इंग्रजीकडे जातं. मला ते पटत नाही. इंग्रजी दुरुस्त करून मिळतं. मित्र करून देतो, गाईड करून देतात, पैसे मोजून कुणीही करून देतं. नोंद घेताना जे सुटलं ते मात्र नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. लेख टिकतो की पडतो ते केसपेपरावर ठरतं, आणि लिहायला बसल्यावर आपण तिथे जे होतं ते किती प्रामाणिकपणे आणि किती नेमकं सांगतो यावर ठरतं. आपल्या भागातल्या लेखांना याच दोन जागी दणका बसतो.

पहिली अडचण थिसिसच्या नावापासूनच सुरू होते. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, मंजूर करून घेताना ‘क्लिनिकल प्रोफाइल अँड आउटकम’ फार सोयीचं पडतं, कारण त्यात सगळं मावतं. उद्दिष्टं चार-पाच लिहिली जातात. जर्नलच्या लेखाला एकच प्रश्न परवडतो. म्हणून लिहायला बसण्याआधी मास्टर चार्ट समोर ठेवून एक वाक्य लिहावं: यातून असं काय कळतं, जे आधी कळलेलं नव्हतं? सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेचा थिसिस असेल तर ते वाक्य असं असू शकतं: औषध (म्हणजे कीटकनाशक) पोटात गेल्यापासून पहिलं अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) मिळेपर्यंत गेलेला वेळ आणि व्हेंटिलेटरची गरज यांचा संबंध आहे का? हा प्रश्न असेल, तर वय, लिंग, व्यवसाय, तालुका हे सगळं पहिल्या टेबलात जातं आणि तिथेच थांबतं. चाळीस पानांचं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, ज्यात सॉक्रेटिसच्या विषापासून सुरुवात झालेली असते, ते तीन परिच्छेदांवर येतं: प्रश्न किती मोठा, आजवर काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि म्हणून आम्ही काय केलं. साडेतीनशे शब्द पुरतात.

एकच प्रश्न किती पुरतो याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांचं काम मात्र कोकणात, महाडकडे झालं. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. पुढे २०११ मध्ये बीएमजेमध्ये त्यांची चाचणी आली. रुग्ण ७०. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. मोजायचं काय, तर १० तासांत लक्षणं पूर्ण गेली का. रुग्णसंख्या आपल्याकडच्या कित्येक थिसिसपेक्षा कमी आहे. पण प्रश्न एक, मोजायची वेळ ठरलेली, आणि उत्तर वाचून तालुक्याच्या डॉक्टरला रात्री काय करायचं ते कळतं.

लिहिण्याचा क्रम छापल्या क्रमाहून वेगळा ठेवावा. आधी टेबलं पक्की करायची. मग मेथड्स, मग रिझल्ट्स, मग डिस्कशन, त्यानंतर इंट्रोडक्शन आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट व शीर्षक. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आधी लिहिलं की नंतर टेबलातला आकडा बदलतो आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधला तसाच राहतो. रिव्ह्यूअर सगळ्यात आधी हेच ताडून पाहतो. एक आकडा जुळला नाही की बाकीच्यांवरचा त्याचा विश्वासही उडतो.

मेथड्सवर मात्र रेंगाळावं लागतं, कारण लेखाचा सगळा भार तिथे आहे. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोबची २२ कलमांची यादी उतरवून घ्यावी आणि एकेका कलमापुढे आपल्या लेखातला पान क्रमांक लिहावा. ज्या कलमापुढे पान लिहिता येत नाही, तिथे भोक आहे. केस रिपोर्टसाठी केअरची यादी आहे, १३ कलमांची. ही कामं कारकुनी वाटतात, पण रिव्ह्यूअरचे निम्मे प्रश्न घरीच संपतात.

आता वरचंच उदाहरण जवळून पाहू. ‘औषध पिल्याची वेळ’ ही एकच गोष्ट घेतली तरी ती तीन ठिकाणी तीन प्रकारे सापडते. कॅज्युअल्टीतल्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) रजिस्टरला एक, ग्रामीण रुग्णालयाच्या रेफर चिठ्ठीवर दुसरी, आणि वॉर्डातल्या केसपेपरावर रेसिडेंटने रात्री घाईत लिहिलेली तिसरी. नातेवाईक सांगतात, ‘दिवस मावळताना पिलं असंल.’ म्हणजे किती वाजता? इथे ज्याने जी वेळ हाती लागली ती एक्सेलमध्ये भरली, त्याचा लेख बाहेरून नीट दिसतो पण आतून पोकळ असतो. आधी नियम ठरवावा: रेफर चिठ्ठीवर वेळ असेल तर ती प्रमाण; नसेल तर एमएलसीची; दोन्ही नसतील तर वेळ ‘अज्ञात’. मग मिनिटांचा आव आणू नये, गट करावेत: दोन तासांच्या आत, दोन ते सहा, सहाच्या पुढे. हा नियम मेथड्समध्ये दोन वाक्यांत लिहावा आणि अज्ञात किती होते तेही रिझल्ट्समध्ये सांगावं. अज्ञात सांगितल्याने लेख कमकुवत होत नाही. ते लपवलेले आढळले की मात्र लेख परत येतो.

पहिल्या अ‍ॅट्रोपिनचंही तसंच. चिठ्ठीवर ‘अ‍ॅट्रोपिन दिलं’ एवढंच असतं, किती ते नसतं. वॉर्डात नोंद अ‍ॅम्प्युलमध्ये होते: वीस अ‍ॅम्प्युल, तीस अ‍ॅम्प्युल. आपल्याला माहीत असतं की नेहमीच्या १ मिलीच्या अ‍ॅम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं, पण वाचणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. वीस अ‍ॅम्प्युल म्हणजे १२ मिलिग्रॅम, असं लिहायचं. काही ठिकाणी विषबाधेसाठी मोठ्या व्हायलही येतात. त्या वापरल्या असतील तर अ‍ॅम्प्युलचा हिशेब मुळातच चुकतो. सापाच्या लशीबाबतही हीच खबरदारी घ्यावी. व्हायलची संख्या आणि एका व्हायलमध्ये किती मिली, हे दोन्ही लिहावं. आणि साप कोणता ते ‘विषारी’ एवढ्यावर सोडू नये. घोणस, नाग, मण्यार, फुरसे यांची शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत, आणि साप ओळखला कुणी तेही: मारून आणलेला होता, मोबाइलवर फोटो होता, की नुसत्या लक्षणांवरून?

कीटकनाशकाच्या डब्याचं प्रकरण वेगळंच आहे. डबा आणला तर त्यावर कंपनीचं नाव मोठं आणि घटकाचं नाव बारीक. लेखात घटकाचं नाव हवं. लेबलवरचा तिकोन लाल होता, पिवळा, निळा की हिरवा, हेही नोंदवण्यासारखं आहे, कारण तो विषारीपणाची पायरी सांगतो. कपाशीवर फवारायला मिश्र औषधं सर्रास मिळतात; क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र, ही त्यातली नेहमीची जोडी. असा रुग्ण सेंद्रिय फॉस्फरसच्या गटात धरायचा की वगळायचा? दोन्ही चालतं, फक्त काय केलं ते लिहायला हवं. डबा न आणलेल्यांचं निदान कशावरून केलं, स्यूडोकोलिनेस्टरेज ही रक्ततपासणी केली तर कोणत्या किटवर, त्या किटची नॉर्मल मर्यादा काय, हेही द्यावं. किट बदललं की मर्यादा बदलते. अभ्यासाच्या मधेच पुरवठादार बदलून दुसरं किट आलं असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे एका सरासरीत घालता येत नाहीत.

आणि आता ‘डामा’. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेलेले. थिसिसमध्ये यांना ‘एक्सक्लूड’ म्हणून एका ओळीत मोकळं करतात. याचा अर्थ काय होतो ते आकड्यांत पाहावं. समजा १६० रुग्ण दाखल झाले, २४ दगावले आणि १४ डामा गेले. सगळे धरले तर मृत्यूचं प्रमाण १५ टक्के. डामा वगळले तर १४६ पैकी २४, म्हणजे १६.४ टक्के. फरक किरकोळ वाटतो. पण आपल्याकडे डामा दोन टोकांचे असतात हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: एक बरा वाटतोय म्हणून निघून गेलेला, दुसरा व्हेंटिलेटरवर असलेला, ज्याच्या नातेवाइकांनी ‘आता घरीच नेतो’ म्हणून सही केली. हे चौदाही दगावले असं धरलं तर प्रमाण २३.८ टक्क्यांवर जातं. लेखात दोन्ही टोकं द्यावीत आणि डामा गेले तेव्हा रुग्णाची अवस्था काय होती ते सांगावं. एका छोट्या फ्लो डायग्राममध्ये हे सगळं मावतं: किती तपासले, किती पात्र ठरले, किती संमतीअभावी गळाले, किती डामा, किती शेवटपर्यंत.

नमुन्याची संख्या हा दुसरा खड्डा. पीएसएमकडून, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाकडून, मिळालेलं ४पीक्यू भागिले एल वर्ग हे सूत्र प्रत्येक थिसिसमध्ये असतं; पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे चालवून घ्यायची चूक. पी ३० टक्के आणि चूक ७ टक्के धरली तर १७२ रुग्ण लागतात. तीच चूक पीच्या २० टक्के, म्हणजे ६ टक्के धरली तर २३४. रिव्ह्यूअर विचारतो, पी कुठून घेतला आणि एल सातच का? बऱ्याचदा खरं उत्तर असं असतं की अठरा महिन्यांत जेवढे रुग्ण मिळणार होते तेवढ्याला जुळेल असा एल शोधला. उलट्या दिशेने आलेलं सूत्र अनुभवी वाचकाला लगेच कळतं. त्यापेक्षा ‘त्या काळात दाखल झालेले सगळे पात्र रुग्ण घेतले’ हे सरळ सांगणं जास्त प्रतिष्ठेचं आहे. ते खरं असलं की पुरे.

संख्याशास्त्रातल्या चुका तर पाठ व्हाव्यात इतक्या त्याच त्या असतात. सॉफ्टवेअर पी व्हॅल्यू ०.००० दाखवतं; पी कधीच शून्य नसतो, लिहायचं ०.००१ पेक्षा कमी. बारा रुग्णांपैकी चार म्हणजे ३३.३३ टक्के असं लिहू नये. बारा जणांत दशांशाला अर्थ नाही, ‘१२ पैकी ४’ पुरे. अधिक-उणे चिन्हापुढचा आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन आहे की स्टँडर्ड एरर, ते कुठेच सांगितलेलं नसतं. रुग्णालयातले दिवस, खर्च, अ‍ॅट्रोपिनचा डोस या गोष्टी एका बाजूला कललेल्या असतात. तिथे सरासरी फसवते, मध्यक आणि आंतरचतुर्थक कक्षा द्यावी. नुसत्या पी व्हॅल्यूपेक्षा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल जास्त सांगतो. आणि लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांचा मृत्यूशी असलेला संबंध एकत्र तपासणं: मृत्यू २४ असतील तर ढोबळमानाने दोनच घटक त्या मॉडेलमध्ये झेपतात, एका घटकामागे दहा घटना या हिशेबाने. थिसिसमध्ये नऊ घटक घातलेले असतात आणि दोन महत्त्वाचे ‘निघतात’. ते निघाले नसते तरच नवल.

एथिक्स कमिटीच्या पत्रावरची तारीख पहिल्या रुग्णाच्या तारखेआधीची हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी इथे गाडी अडते. जुन्या केसपेपरांवरून अभ्यास केला तरी मंजुरी लागते. संमतीतून सूट हवी असेल तर ती कमिटीनेच द्यायची असते, आपण धरून चालायची नसते. चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते; १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी तिथे घेत नाहीत. केस रिपोर्टला रुग्णाची लेखी संमती हवी, आणि ती उपचारांसाठी घेतलेल्या संमतीहून वेगळी, छापण्यासाठीची. ती मराठीत, रुग्णाला वाचून दाखवून, अंगठा असेल तर साक्षीदारासह घ्यावी. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपली ही जुनी समजूत आहे. आंतरराष्ट्रीय संपादक समितीच्या नियमांत ती पट्टी पुरेशी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गाव छोटं, घटना गाजलेली, स्थानिक पेपरात बातमी आलेली. अशा वेळी वय, गाव आणि तारीख एकत्र दिली तरी माणूस ओळखू येतो.

डिस्कशनमध्ये आपले लेख सगळ्यात जास्त हरतात असं मला वाटतं. ‘अमक्याच्या अभ्यासात ३५ टक्के, तमक्याच्या ४२ टक्के, आमच्या ३८ टक्के, म्हणजे आमचा अभ्यास त्यांच्याशी जुळतो’ अशी पाच पानं. यातून काहीच कळत नाही. पहिल्या परिच्छेदात आपल्याला सापडलेली मुख्य गोष्ट, पुन्हा आकडे न मोजता. मग ती इतरांहून वेगळी असेल तर का. इथे मराठवाडा उपयोगी पडतो, आणि नेमका तोच लेखातून गाळलेला असतो. रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय असा टप्प्याटप्प्याने येतो. प्रत्येक टप्प्यावर किती वेळ गेला हे दुसऱ्या देशातल्या लेखकाकडे नसतं, आपल्याकडे चिठ्ठ्यांवर असतं. फवारणीचा हंगाम पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला, म्हणून त्या महिन्यांतले रुग्ण आणि उन्हाळ्यातले रुग्ण वेगळे. फवारताना अंगावर उडून झालेली बाधा आणि जाणूनबुजून पिलेलं औषध यांची एकत्र सरासरी काढली तर दोघांचंही खरं चित्र पुसलं जातं.

पाठपुराव्याचंही असंच. बीड, जालना, परभणीकडचा रुग्ण सप्टेंबरात दाखल झाला आणि तीन महिन्यांनी बोलावला, तर तो येत नाही, कारण उचल घेतलेली असते आणि टोळी साखर कारखान्यावर गेलेली असते. ‘लॉस्ट टू फॉलोअप २८ टक्के’ एवढंच लिहिलं तर रिव्ह्यूअरला तो आळस वाटतो. ऊसतोडीच्या स्थलांतराने हे घडतं, कोणत्या महिन्यांत दाखल झालेले रुग्ण जास्त गळाले, गळालेल्यांचं वय आणि आजाराची तीव्रता राहिलेल्यांहून वेगळी होती का, हे एका छोट्या टेबलात दिलं की तीच उणीव माहिती होते. मुकादमाचा नंबर घेऊन फोनवर पाठपुरावा केला असेल तर तेही मेथड्समध्ये लिहावं, फक्त त्याची परवानगी एथिक्सकडे मागितलेली असावी. मुकादमाला रुग्णाच्या आजाराबद्दल काय सांगितलं जाणार, हा प्रश्न तिथे विचारला जायलाच हवा. मर्यादांचा परिच्छेद ‘एकाच केंद्रातला अभ्यास, लहान नमुना’ एवढ्यावर संपवू नये. त्या मर्यादेमुळे उत्तर कोणत्या बाजूला झुकलं असेल ते सांगावं. रस्त्यात दगावलेले आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून उशिरा आलेले आपल्याला प्रत्यक्षापेक्षा बरे दिसतात. हे एक वाक्य लिहिणाऱ्याला आपला विषय कळलेला आहे, हे वाचणाऱ्याला कळतं.

टेबलं आणि संदर्भ याबद्दल थोडक्यात. टेबलाला आडव्या तीन रेघा, उभी एकही नाही. एक्सेलचा स्क्रीनशॉट चालत नाही. टेबलात आहे ते मजकुरात पुन्हा वाचून दाखवू नये. फोटो ३०० डीपीआयचे. संदर्भ बहुतेक जर्नलांना व्हँकुव्हर पद्धतीने लागतात, म्हणजे मजकुरात येतील त्या क्रमाने. साधारणपणे सहा लेखक आणि पुढे इत्यादी. १२० संदर्भांचे २५-३० करावेत आणि झोटेरो वापरावं, ते फुकट आहे आणि मागे घेतलेला लेख यादीत असेल तर इशारा देतं. दुसऱ्याच्या यादीतून उचललेला संदर्भ न वाचता टाकला की खंड क्रमांकाची चूकही सोबत येते. एआयकडून घेतलेले संदर्भ तर एकेक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहिल्याशिवाय वापरूच नयेत. अस्तित्वात नसलेला लेख ते छान बेतून देतं. एआय वापरलं असेल तर सांगायचं असतं, लेखकांत त्याचं नाव चालत नाही.

लेखकांच्या यादीत चालायला नको अशी माणसांची नावंही असतात. विभागप्रमुखांना मानाचं पान, शेजारच्या युनिटला परतफेड, पदोन्नती जवळ आलेल्यांना मदत. संपादक समितीचे निकष चार आहेत आणि चारही पुरे व्हावे लागतात: आखणीत, नोंदी मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात विचारपूर्वक दुरुस्ती; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि लेखातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. नुसतं युनिट असणं, मशीन देणं, टेस्ट लावून देणं यात बसत नाही. त्यांचे आभार मानावेत, आणि तेही त्यांना विचारून. हा विषय आपल्याकडे उघड बोलायला अवघड आहे. म्हणून क्रम सिनॉप्सिसच्या वेळीच कागदावर लिहून ठेवावा. लेख स्वीकारला गेल्यावर तो ठरवायला गेलं तर चहासुद्धा कडू होतो. पत्रव्यवहाराला गाईडचा टिकणारा ईमेल द्यावा, कारण पास झालेला रेसिडेंट सहा महिन्यांत दुसऱ्या जिल्ह्यात असतो आणि रिव्हिजनचं पत्र जुन्या इनबॉक्समध्ये पडून मुदत निघून जाते.

जर्नल निवडताना आपल्या संदर्भयादीकडे पाहावं; ज्या जर्नलचे लेख आपण सर्वांत जास्त उद्धृत केले, तिथला वाचक आपल्या प्रश्नाचा वाचक असण्याची शक्यता मोठी. ‘माननीय प्राध्यापक’ म्हणून आलेल्या आणि तीन दिवसांत छापून देण्याचं आश्वासन देणाऱ्या मेलला उत्तर देऊ नये. जर्नलच्या संकेतस्थळावरचा दावा न मानता पबमेड, स्कोपस किंवा डीओएजेच्या स्वतःच्या यादीत नाव शोधावं, आयएसएसएन ताडून पाहावा, संपादक मंडळातल्या माणसाच्या कॉलेजच्या पानावर त्याचा उल्लेख आहे का ते बघावं. नावाजलेल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी संकेतस्थळंही निघाली आहेत. एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचं. थिसिसला बहुतेक जर्नलं आधीचं प्रकाशन मानत नाहीत, पण कव्हर लेटरमध्ये ‘हा लेख एमडीच्या प्रबंधावर आधारित आहे’ असं लिहून टाकावं, म्हणजे साम्य तपासणीत आकडा वर आला तर खुलासा आधीच दिलेला असतो. मागच्या बॅचच्या थिसिसमधून मेथड्स जसंच्या तसं उचललं असेल तर मात्र तो खुलासा कामाचा नाही.

सबमिशनच्या दिवशी दोन फायली वेगळ्या लागतात: टायटल पेज, ज्यात सगळ्यांची नावं, आणि नावं नसलेला मूळ लेख. या दुसऱ्या फाइलमधून ओळख कुठून गळते ते पाहण्यासारखं आहे. मेथड्समध्ये कॉलेजचं नाव राहतं, एथिक्सच्या पत्र क्रमांकात कॉलेजचं लघुरूप राहतं, एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णालयाचं नाव आणि कधीकधी रुग्णाचंही राहतं. आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथर’ म्हणून बऱ्याचदा ज्या डीटीपीवाल्याकडे थिसिस टाइप केला त्याच्या दुकानाचं नाव असतं. तो बिचारा कायदेशीर लेखक होऊन बसलेला असतो. डीटीपीचीच आणखी एक देणगी म्हणजे मराठी संमतीपत्र. ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतं. दुसऱ्या संगणकावर उघडलं की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावं, निदान पीडीएफ करून फाँट आत बसवून पाठवावं.

पहिल्याच टप्प्यावर परत आलेला लेख बहुतेक वेळा विषय न जुळल्याने किंवा सूचना न पाळल्याने परत येतो; त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, दुसऱ्या जर्नलचे नियम वाचून फाइल बदलावी. रिव्हिजन आलं तर ती चांगली बातमी समजावी, पत्राचा सूर कसाही असो. उत्तर मुद्देसूद: रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं, खाली आपलं उत्तर, खाली कोणत्या पानावर कोणत्या ओळीत काय बदललं. ‘दुरुस्ती केली आहे’ एवढ्याने भागत नाही. रिव्ह्यूअर चुकला असेल तर तसं म्हणायला हरकत नाही, आधार मात्र द्यावा लागतो. त्याला कळलं नसेल तर बहुधा आपण नीट लिहिलेलं नसतं. तिथे उत्तरापेक्षा लेखातलं वाक्य बदलावं. एखादी तपासणी नोंदवलीच गेलेली नसेल तर ‘ही माहिती आमच्याकडे नाही’ हे लिहून तो मुद्दा मर्यादांत टाकावा.

प्रूफ आलं की साधारण ४८ तास मिळतात, आणि तोवर सगळे दमलेले असतात. तिथे तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पहिली, टेबलातले दशांशबिंदू आणि एककं. मांडणी करताना मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम होऊ शकतं. दुसरी, नावं. आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. छापताना वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पबमेडवर माणूस कायमचा वडिलांच्या नावाने नोंदला जातो. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांचे लेख दोन नावांत विभागले जातात. ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक सुरुवातीपासून जोडला असेल तर ते एकत्र राहतात. तिसरी, पत्ता. अभ्यास सुरू झाला तेव्हा एथिक्सच्या पत्रावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद होतं, लेख छापायच्या वेळी छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव आहे; एका लेखकाने जुनं, दुसऱ्याने नवं लिहिलं की ती दोन वेगळ्या शहरांतली दोन कॉलेजं वाटतात. सगळ्यांचा पत्ता एकाच पद्धतीने, कॉलेजच्या सध्याच्या अधिकृत लेटरहेडवर असेल तसा लिहावा. प्रूफ परत गेल्यावर यातली कुठलीही चूक दुरुस्त करायची म्हणजे वेगळं शुद्धिपत्र छापून घ्यावं लागतं.